गप्प राहायची शिकवणी

फिटरकाका पिशवी सांभाळत जिना चढत होते, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या सिस्टर वाट अडवून उभ्या होत्या. अंगात गाऊन, केस विस्कटलेले, डोळे लाल. रात्रपाळी करून आलेली बाई भर सकाळी जिन्यात उभी आहे म्हणजे काहीतरी बिनसलंय, एवढं कळायला कान लागत नाहीत.

"काका, तुमच्या कुत्र्यानं घर डोक्यावर घेतलंय," सिस्टर म्हणाल्या. काकांशी बोलताना त्या ओरडत नसत. समोर उभ्या राहून, ओठ नीट हलवून सावकाश बोलत.

"माझ्या? तो तर दिवसभर पायाशी पडलेला असतो. हूं नाही की चूं नाही."

"तुम्ही घरात असताना. तुम्ही गेलात की गळा काढतो, तो तुम्ही येईपर्यंत. मी रात्रभर वॉर्डात उभी असते हो काका. सकाळी तरी पाठ टेकू दे मला."

काकांनी वर आपल्या बंद दाराकडे पाहिलं. दार नेहमीसारखंच शांत होतं.

"आत्ता पण रडतोय?"

"आत्ता पण," सिस्टर म्हणाल्या.

काकांची उभी हयात मागाच्या शेडमध्ये गेली होती. तिथं माग एकदा सुरू झाले की शेजारच्यानं कानात तोंड घालून आरडाओरडा केला तरी उपयोग नसे. त्यामुळे सगळेच ओठ वाचायला आणि हातवारे करायला शिकत. काका निवृत्त व्हायच्या आधीच त्यांच्या कानांनी राजीनामा दिला. कानात घालायचं मशीन मिळालं होतं, पण त्यातून माणसाचं बोलणं आणि भांड्यांचा आवाज एकाच मापानं अंगावर यायचा, म्हणून ते डबीत गेलं. आता काका सकाळी एका शिलाई कारखान्यात मशिनं दुरुस्त करत आणि दुपारी घरी बसून शिंप्यांची जुनी मशिनं उघडत. त्यांचं सगळं छान चाललं होतं. छान चाललेलं बघवत नसतं ते पोटच्या पोरांना.

झालं होतं असं, की वरच्या मजल्यावरचा पाइप फुटला आणि काकांच्या स्वयंपाकघरात पाणी शिरलं. लोकांनी बेल वाजवली, दार बडवलं, शेवटी कडी तोडून आत आले. काका दाराकडे पाठ करून एका मशीनचा दात घासत बसले होते. बेलला त्यांनी स्वतः एक दिवा जोडला होता. तो त्यांच्या पाठीमागे इमानेइतबारे लागत होता आणि विझत होता. ही बातमी दुसऱ्या शहरात राहणाऱ्या लेकीपर्यंत पोचली. ती म्हणाली, उद्या आग लागली तर? तिनं आपल्या घरातली मागची खोली रंगवून घेतली. जावई चांगला, नातवंडं गोड, खोलीत ऊन येतं. काकांना सगळं मान्य होतं, फक्त तिथं जायचं नव्हतं. ज्या घरात आपलं एक स्क्रू उघडायचं हत्यार कुणी जागचं हलवत नाही, ते घर सोडून पाहुण्यासारखं अंग चोरून बसायला जायचं, ह्या विचारानंच त्यांच्या जिवाला घोर लागे.

मग कारखान्याच्या दारात कुत्री व्याली आणि काकांना तोड सुचली. त्यांनी लेकीला लिहून कळवलं: कुत्रं पाळतो. त्याचे कान ते माझे कान. तू येऊन बघ. तुझी बेल मला कळली नाही, तर तुझ्याबरोबर येतो. लेकीनं दिवस कळवला, वेळ कळवली नाही. परीक्षाच घ्यायची तर ती अशी, हे तिनं बापाकडूनच घेतलं होतं.

पिल्लू काळं, गोल आणि हातात धरलं की घरंगळणारं. म्हणून मशीनमधल्या दोऱ्याच्या रिळावरून त्याचं नाव बॉबिन पडलं. आणि आता हा बॉबिन एकटा राहत नव्हता. सिस्टरांनी घरमालकांकडे एक शब्द टाकला असता की कुत्रं जाणार, आणि कुत्र्यामागून काकाही जाणार.

जनावरांच्या डॉक्टरनं सगळं ऐकून घेतलं आणि उपायही सोपा सांगितला. "थोडा थोडा वेळ बाहेर जायचं. जाताना लाड नाहीत, आल्यावर लाड नाहीत. आणि एक लक्षात ठेवा, तो रडत असताना दार उघडायचं नाही. गप्प झाला की मगच आत जायचं. नाहीतर त्याला वाटेल, रडलं की माणूस येतो."

काका हो हो म्हणत घरी आले. चप्पल घातली, बाहेर पडले, दार लावलं आणि दारासमोर उभे राहिले. उभे राहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आत बॉबिन रडतोय की झोपलाय हे आपल्याला कळायचा काही मार्गच नाही. दाराला कान लावून बघितला, नुसती सवय म्हणून. मग उगीच थोडा वेळ थांबून आत गेले, तर बॉबिन तोंड वर करून, मान ताणून बसलेला. म्हणजे ते नेमके रडण्यातच आत शिरले होते. आणि रोज असेच शिरत आले होते.

त्या संध्याकाळी त्यांनी सिस्टरांचं दार वाजवलं. सिस्टर ड्यूटीवर निघायच्या तयारीत होत्या.

"मला तुमचे कान पाहिजेत," काका म्हणाले. "सकाळी तुम्ही आल्यावर. थोडा वेळ."

"मी आल्यावर झोपते, काका."

"झोपू कुठं देतो तो?"

सिस्टरांनी उचललेली पर्स खाली ठेवली. ही बाई हसली असती तर कदाचित रडलीही असती, इतकी दमलेली होती. "बरं," त्या म्हणाल्या. "पण हे उपकार वगैरे समजू नका. मला माझी झोप हवीय."

"समजत नाही. मला माझं घर हवंय."

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. काका आपल्या दाराशी उभे राहत, सिस्टर अर्ध्या जिन्यावर, हातात चहाचा कप. बॉबिन रडत असला की सिस्टरांचा हात वर. गप्प झाला की हात खाली. हात खाली गेला की काका दार उघडून आत जात, बॉबिनला एक बिस्किटाचा तुकडा देत, तोंडातून शब्द न काढता परत बाहेर येत. शेडमध्ये हात वर म्हणजे माग थांबवा. इथं हात वर म्हणजे काकांनी थांबायचं. पहिल्या दिवशी सिस्टरांचा हात इतका वेळ वर राहिला, की त्यांनी कप खाली ठेवून दुसरा हात वर केला आणि तिसरा नाही म्हणून पायरीवर बसल्या.

"जाऊ का आत? दम लागला असेल त्याला," काकांनी विचारलं.

"खबरदार," सिस्टरांचे ओठ म्हणाले. "मी उपाशीपोटी उभी आहे. आता मागे फिरायचं नाही."

दोघंही हट्टाला पेटली. काका दिवसातून कितीदा तरी किल्ली उचलत आणि परत ठेवत, चप्पल घालून स्वयंपाकघरात जात, टोपी घालून पलंगावर बसत. बघणाऱ्याला वाटलं असतं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. बॉबिनला आधी तसंच वाटलं असावं, मग त्याला कंटाळा आला. माणूस टोपी घालतो म्हणजे जातोच असं नाही, आणि गेला तरी येतो, एवढं त्याच्या इवल्या डोक्यात हळूहळू शिरलं. सिस्टरांचा हात लवकर खाली यायला लागला. काकांची जुनी पायजम्याची जोडी मात्र त्यानं एकट्यानं बसून व्यवस्थित उसवली. शिंप्यालाही जमलं नसतं इतकं सरळ.

एक अडचण उरली. काका कारखान्यात गेले की कुणी पार्सलवाला, कुणी मीटर बघणारा बेल वाजवी, आणि गप्प पडलेला बॉबिन ताडकन उठून पुन्हा गळा काढी. एकदा सुरू झाला की मग थांबत नसे.

"बेलचाच सराव करू," सिस्टर म्हणाल्या. "मी वाजवते. गप्प राहिला की तुम्ही बिस्किट द्या."

ह्यावेळी काका आत बसले. बेलचा दिवा समोर दिसेल अशी खुर्ची मांडली. दिवा लागला की ते बॉबिनकडे बघत. तोंड उघडलं की बिस्किट नाही, मिटलेलं राहिलं की बिस्किट. हे बॉबिनला सगळ्यांत लवकर समजलं, कारण ह्यात खाणं होतं. थोड्याच दिवसांत अशी वेळ आली, की सिस्टर बेलवर बोट दाबून धरत आणि आतून श्वाससुद्धा ऐकू येत नसे. त्या दिवशी त्यांनी दोन्ही हात खाली सोडले, काकांना म्हणाल्या, "पास झाला हो तुमचा पोरगा," आणि खाली जाऊन दुपार टळेपर्यंत मेल्यासारख्या झोपल्या. काकांनी कारखान्यात पेढे वाटावेत तशी बिस्किटं वाटली.

ठरल्या दिवशी लेक आली तेव्हा काका बॉबिनच्या भरवशावर एका शिंप्याचं मशीन उघडून बसले होते. दाराकडे पाठ, खिडकीकडे तोंड, कारण उजेड खिडकीतून येतो. बॉबिन समोर लोळत पडला होता. मध्येच तो उठला आणि काकांच्या पुढ्यात एकदम ताठ बसला, शहाण्या मुलासारखा तोंड मिटून. त्याचा शहाणपणा बघून काकांना भरून आलं. त्यांनी त्याला एक बिस्किट दिलं. थोड्या वेळानं तो पुन्हा तसाच बसला. त्यांनी पुन्हा दिलं. "आज काय साहेब फार शिस्तीत," ते म्हणाले.

मग खांद्यावर हात पडला. काका दचकले आणि त्यांच्या हातातला पाना खाली पडला. मागे लेक उभी होती, हातात तिच्याकडची जादा किल्ली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. दारात सिस्टर होत्या, झोपेतून उठून आलेल्या, आणि त्यांच्या पायाशी एक मोठी बॅग होती. बॅग रिकामी होती हे तिच्या उभं राहण्यावरूनच दिसत होतं. ती लेकीनं काकांच्या कपड्यांसाठी आणलेली होती.

"किती वेळ बेल वाजवतेय मी," लेक म्हणाली. ओठ थरथरत होते, तरी काकांना वाचता आले. "आतून काहीच नाही. कुत्रंसुद्धा भुंकेना. मला वाटलं, दोघंही..." पुढचं ती बोलली नाही. खाली बसली आणि हाताच्या ओंजळीत तोंड लपवलं.

सिस्टरांनी कपाळाला हात लावला. "बेल मीच वाजवायचे," त्या म्हणाल्या. "बेलला गप्प बसायचं, हे आपणच शिकवलं त्याला, काका."

काकांनी खाली पडलेला पाना उचलला. ज्या एका कामासाठी पोर घरात आणलं, नेमकं तेच काम त्यांनी बिस्किटं चारून त्याच्या अंगातून काढून टाकलं होतं. सिस्टरांना झोप दिसत होती. काकांना स्वतःला बेल म्हणजे नुसता एक दिवा. शेडमध्ये एखाद्या नव्या जोडाऱ्यानं असं काम केलं असतं, तर काकांनी त्याला उभा सोलला असता. त्यांना लाज वाटली, आणि लेकीचे हलणारे खांदे बघून त्याहून जास्त वाईट वाटलं. सबब सांगता आली असती. ती त्यांनी सांगितली नाही.

"चूक माझी," ते म्हणाले. "त्याची नाही. ठरल्याप्रमाणे मी हरलो."

"हरण्या-जिंकण्याचं काय आहे बाबा ह्यात?" लेक डोळे पुसत म्हणाली. "चला तुम्ही."

पण काका तिच्याकडे बघत नव्हते, बॉबिनकडे बघत होते. "तू किती वेळा वाजवलीस?"

"कोण मोजतंय? थांबून थांबून वाजवली."

"थांबून थांबून," काका म्हणाले. "आणि हा थांबून थांबून बसला. माझ्या पुढ्यात. बिस्किट मागायला. ह्यानं सांगितलं गं मला. मलाच कळलं नाही." ते उठले. "जा बाहेर. वाजव."

"बाबा, मी पहाटेपासून प्रवास करून आलेय."

"मग एवढं जिन्यापर्यंत जाशीलच."

लेकीनं सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टर म्हणाल्या, "जा. हे ऐकायचे नाहीत. मी कानात कापूस घालून झोपते, खुशाल वाजवा." आणि त्या खाली गेल्या.

काकांनी खुर्ची मुद्दाम खिडकीकडे वळवली. दिवा पाठीमागे, दार पाठीमागे, बॉबिनही पाठीमागे. बिस्किट हातात धरून हात मांडीवर ठेवला आणि मान वळवायची नाही असा चंग बांधला. पहिल्यांदा काहीच झालं नाही. लेक आत येऊन म्हणाली, वाजवली. काकांनी तिला परत घालवलं. दुसऱ्यांदाही तेच. बॉबिन मागच्या मागे ताठ बसून बिस्किटाची वाट बघत असणार, आणि बिस्किट काही येत नव्हतं. काका उजेडाकडे बघत बसून राहिले. रंगवलेली खोली, गोड नातवंडं, तिथलं ऊन, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. मग पोटरीला काहीतरी गार, ओलं लागलं. एकदा लागलं, आणि त्यांनी हलायच्या आत पुन्हा, जोरात.

त्यांनी बिस्किट दिलं, उठले आणि जाऊन दार उघडलं.

लेक बेलवर बोट ठेवून उभी होती. तिनं बोट काढलं नाही.

"मला भीती वाटते, बाबा," ती म्हणाली.

"मला पण," काका म्हणाले. "आता जरा थांबून वाजव. त्याला आधी कळता कामा नये."

आणि लेकीला तिच्या रिकाम्या बॅगेसकट बाहेर ठेवून त्यांनी दार लावून घेतलं.