मेलेली बिअर आणि ऑर्विलबाबांचा हुंकार

त्या शनिवारी अमेरिकेतल्या याकिमा गावात, माझा मित्र वेंडेल याच्या गॅरेजात पाय ठेवायला जागा नव्हती. घरी बिअर गाळणारे आम्ही सगळे नवशिके आपापल्या टाक्या घेऊन आलेलो. टाक्यांमधले बुडबुडे थांबलेले, तोंडं सुतकी.

"मेली!" हुंकारानं मेलेलं उठवतो म्हणणारे ऑर्विलबाबा पहिल्या टाकीवर हात पसरून म्हणाले. "पण मी उठवतो."

मग हुंऽऽ हुंऽऽ करत त्यांनी आपल्या डब्यातून हॉप्सच्या, म्हणजे बिअरला वास देणाऱ्या फुलांच्या, हिरव्या गोळ्यांची मूठ आत सोडली. फस्सकन फेस उसळला, थेट बाबांच्या दाढीत! एक जण गुडघ्यांवर बसला. नंतर कळलं, फेसावरून घसरला होता.

"बघितलंस, बर्नी?" वेंडेल माझ्या कानाशी लागला. "माझं हृदयसुद्धा हेच उठवणारेत. औषधं बंद केली मी."

माझं हसू तिथंच सुकलं.

"सांग रे याला काहीतरी," त्याची बायको ग्लेंडा रडकुंडीला आलेली. "डॉक्टरांनी बजावलंय, एक गोळी चुकवायची नाही."

सांगून ऐकेल तो वेंडेल कसला! मी सरळ बाबांचा डबा उचलला.

"ठेव तो! तुझ्यात शक्ती नाही, बाळा."

"शक्ती नाही, तोंड आहे." मी दुसऱ्या टाकीवर वाकलो. "ऊठ गं भवाने! किती लोळशील, आळशे!" आणि मूठभर गोळ्या सोडल्या. फस्स! माझा शर्ट ओलाचिंब, गॅरेज खदाखदा हसतंय.

"माझ्या हुंकाराचा अंमल आहे तो," बाबा गुरगुरले.

"मग तिसरीला नुसता हुंकार द्या. डबा माझ्यापाशी."

बाबा हुंकारले. घसा बसेपर्यंत हुंकारले. बिअर ढिम्म.

"जोरात, बाबा!" ग्लेंडा ओरडली. "ऐकू येत नसेल तिला!"

मी डबा वेंडेलपुढं धरला. "आता तू टाक. तोंड बंद ठेवून."

त्यानं त्याच तिसऱ्या टाकीत गोळ्या टाकल्या. फेस भसाभसा वर. वेंडेलनं आ वासला. "पण मी काहीच केलं नाही!"

"बाबांनीही नाही, गड्या. यीस्टनं साखर खाऊन संपवली की बुडबुडे थांबतात. बिअर मरत नाही, तयार होते. मग वासासाठी हॉप्स टाकायचेच असतात. बिअरमध्ये वायू विरघळलेला असतो, खडबडीत गोळी पडली की तिच्याभोवती बुडबुडे धरतात आणि उसळतात. बाबांनी टाक्या रात्रभर फ्रिजात का ठेवायला लावल्या? थंडीत वायू जास्त टिकतो, म्हणजे तमाशा मोठा!"

वळून बघतो तर बाबा गायब. दाढीचा फेस पुसायलासुद्धा थांबले नाहीत.

ग्लेंडानं तोवर डॉक्टरांना फोन लावला होता. त्यांचं ऐकून वेंडेलनं मुकाट्यानं गोळी तळहातावर घेतली आणि दुसरा हात बिअरच्या ग्लासाकडं.

"पाण्याबरोबर, गाढवा!" आम्ही दोघं ओरडलो.

मंडळी, चमत्कार दिसला तर खुशाल टाळ्या वाजवा. फक्त एकदा मंत्र काढून बघा, एकदा वस्तू काढून बघा. कशावाचून खेळ अडतो ते कळेल. आणि हृदय अडलं, तर बाबाला नाही, डॉक्टरला गाठा.