प्रायमरच्या डब्याची कैफियत

मी एक जुना, पत्र्याचा, आतून जांभळा डबा आहे. माझ्या पोटात प्रायमर होतं. मित्रांनो, म्हणजे काय, असं तुम्ही विचारणार हे मला ठाऊक आहे. सगळेच विचारतात. माझ्यासोबत कारखान्यातून निघालेल्या सोल्युशनच्या डब्याला मात्र सगळे ओळखतात, कारण प्लास्टिकचे पाइप तो चिकटवतो. पण त्याच्याआधी पाइपाच्या टोकाचा मळ काढायचा, प्लास्टिक जरा मऊ करायचं, म्हणजे सोल्युशन घट्ट धरतं, हे काम माझं. ते कोणाच्या डोळ्यांत भरत नाही.

सांगलीच्या एका दुकानात मी दोन वर्षं धूळ खात बसलो. १९९५च्या उन्हाळ्यात जतकडच्या वस्तीवरचे कोंडीबा पाइप घ्यायला आले आणि दुकानदाराने मला त्यांच्या गळ्यात मारलं.

कोंडीबांची बायको हरणाबाई टँकरच्या पाण्यासाठी रोज मैलभर चालायची. तिचा गुडघा सुजून टरटरला होता. शेजारच्या नाथाजींनी आपल्या विहिरीचं रोज तासभर पाणी द्यायचं कबूल केलं होतं. पाइप दारापर्यंत आला की तिची पायपीट संपणार होती. मला फार हुरूप आला होता.

पाइप जोडायला मानसिंग आला. त्याने मला हलवून पाहिलं आणि बाजूला ठेवलं.

"ह्यो कशाला? आमी धा वर्सं नुसत्या सोल्युशनवर जोडतोय."

मातीच्या हातांनी टोकं पुसत तो जोड मारत सुटला. इकडे कोंडीबांनी माझं झाकण उघडलं.

"आरं गड्या, रंग हाय की ह्यो. लय झ्याक."

मित्रांनो, त्यांनी काय करावं? कळपात आपल्या मेंढ्या ओळखू याव्यात म्हणून पाठीवर खूण करतात. त्यांनी माझ्यात चिंधी बुडवून बारा मेंढ्यांच्या पाठी जांभळ्या केल्या. मेंढ्या शिंकल्या. मी अर्धा झालो. वर झाकणही उघडंच ठेवलं, म्हणून उरलेला मीही हवेत उडत राहिलो.

अकराला लाईट जाणार होती. म्हणून शेवटचा जोड ओला असतानाच नारळ फोडला आणि मोटर सुरू केली. वाटेतले जोड एकामागून एक उडाले. हरणाबाई हंडा घेऊन दारात उभी होती. पाणी रानातच मुरलं. ती लंगडत टँकरकडे गेली.

परत आल्यावर तिने मला उचलून नीट निरखलं.

"मानसिंगभाऊ, भित सारवायच्या आदी आमी ती झाडतो, पानी मारतो. न्हाईतर शेन धरत न्हाई. ह्या डब्यावर बी आदी ह्यो, मंग त्यो, असं चित्र हाय. तुमी बघितलं न्हाई व्हय?" मग ती नवऱ्याकडे वळली. "आन् तुमी मेंढरं रंगवत बसला."

इतक्या वर्षांत माझ्यावरचं चित्र कोणीतरी पाहिलं, म्हणून मला भरून आलं.

दुसऱ्या दिवशी कच्चे जोड कापले. टोकं कोरड्या फडक्याने पुसली. आधी मी, मग सोल्युशन, मग पाइप जरा फिरवून दाबून धरला. एक दिवस कोणी मोटरला हात लावला नाही. पण दारातला शेवटचा जोड राहिला आणि मी संपलो.

"उद्या सांगलीस्नं आनतो," कोंडीबा म्हणाले आणि तो तसाच चिकटवला. त्या उद्याला आता चार वर्षं झाली.

हरणाबाईचा हंडा दारात भरतो. तिच्या गुडघ्याची सूजही उतरली आहे. वाटेतला एकही जोड हललेला नाही. गळतो तो फक्त दारातला. तिथेच कुंपणाशी मी गंजत पडलो आहे. मित्रांनो, माझं कौतुक करू नका. डबा उघडण्याआधी त्याच्यावर काय आहे तेवढं बघा आणि काम झालं की झाकण लावा.

रोज सकाळी एक म्हातारी मेंढी त्या गळक्या जोडाखाली पाणी प्यायला येते. मी तिला ओळखतो. बारावी खूण तिच्या पाठीवर केली होती. ती खूण त्याच वर्षी लोकरीबरोबर कातरून गेली. तेवढ्या प्रायमरमध्ये हा जोड झाला असता.