कन्सोलखालच्या चिठ्ठ्या

पहिल्याच स्क्रूच्या डोक्यावर पिवळा ठिपका दिसला आणि चिठ्ठीमास्तरांचा हात जागच्या जागी थांबला.

ठिपका मोहरीच्या दाण्याएवढा, मध्यावर नाही, किंचित डावीकडे. काडेपेटीच्या काडीचं टोक पिवळ्या ऑइलपेंटमध्ये बुडवून असा ठिपका देणारा माणूस जगात एकच होता, आणि तो या घटकेला स्वतःच्या गाडीत, मागच्या सीटवर गुडघे टेकून, पुढच्या दोन सीटांच्या फटीत मुंडकं घालून बसला होता. अडचण एवढीच होती, की या गाडीचा, दोन सीटांमधला कन्सोल मास्तरांनी आजवर कधीच उघडलेला नव्हता. निदान तशी त्यांची खात्री होती, आणि मास्तरांची खात्री म्हणजे दगडावरची रेघ.

एक्केचाळीस वर्षं त्यांनी लिफ्टची दुरुस्ती केली. लोकांना वर नेलं, खाली आणलं, आणि मधे अडकलेल्यांना शिव्या खात बाहेर काढलं. या काळात त्यांनी तीन सवयी जपल्या. पहिली, आधी वीज बंद, मग हात. दुसरी, आपण आवळलेल्या स्क्रूवर पिवळा ठिपका, आणि स्क्रूच्या डोक्यावरची फुली सरळ, अधिकाच्या चिन्हासारखी उभी. गुणाकारासारखी तिरकी राहिली तर मास्तरांना रात्री झोप लागत नसे. तिसरी सवय म्हणजे चिठ्ठी. उघडलेल्या प्रत्येक यंत्राच्या पोटात ते एक चिठ्ठी ठेवत: तारीख, काय काढलं, काय बसवलं, काय बिघडलेलं राहिलं, खाली सही. पुढच्या मेकॅनिकला अंधारात चाचपडायला लागू नये म्हणून. बरोबरीचे लोक हसायचे. "मास्तर, सासऱ्यांकडून बायको ताब्यात घेतलीत तेव्हा तिच्या पदरातही चिठ्ठी खोचली असेल." मास्तर म्हणायचे, "खोचली असती, पण बिघाड काही सापडला नाही." एक्केचाळीस वर्षांत त्यांच्या एकाही चिठ्ठीत खोटं अक्षर निघालं नाही. याचा त्यांना इतका गर्व होता, की नम्रपणे सांगायला लागले तरी तो दिसायचा.

आजचं काम तसं साधं. गाडीच्या मधल्या त्या प्लास्टिकच्या कन्सोलवर त्यांचा जुना राग होता. त्यात ग्लास ठेवायचे दोन खड्डे होते आणि घरातला एकही ग्लास त्यांत मावत नव्हता. तो काढून तिथे स्वतः लाकडी खोका बनवून बसवायचा. एका कप्प्यात बायकोचा चष्मा, दुसऱ्यात तिच्या गोळ्या, पाण्याच्या बाटलीला गोल भोक, आणि वर कोपर टेकायला मऊ गादी. मग तिला समुद्रावर घेऊन जायचं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी कबूल केलं होतं. दर वर्षी कुठली तरी लिफ्ट ऐन वेळी बंद पडायची आणि समुद्र पुढच्या वर्षावर जायचा.

सकाळीच बॉनेट उघडून बॅटरीची वायर सोडायला गेले, तर वायर आधीच सुटलेली. 'बरं झालं, एक काम वाचलं,' असं म्हणून ते पुढे सरकले होते. आता त्या पिवळ्या ठिपक्याकडे बघताना ती वायर पुन्हा आठवली.

"काय मास्तर, आजपण?"

कुंपणाच्या भिंतीवरून शेजारच्या शिंप्यांनी डोकं वर काढलं होतं. गळ्यात टेप, ओठांत दोन टाचण्या. हा मनुष्य टाचण्या न काढता बोलायचा आणि एकही कधी गिळायचा नाही.

"आजपण म्हणजे?"

शिंप्यांनी टाचण्या काढल्या. काही चुकलं की मगच ते टाचण्या काढत. "म्हणजे... आजपण उकडतंय म्हटलं. कालच्यासारखंच."

"काल पाऊस होता, शिंपीबुवा."

"तेच की. पावसाआधी उकडतं, पावसानंतर उकडतं." आणि मुंडकं भिंतीमागे असं गेलं, जणू खालून कुणी पाय ओढला.

मास्तरांनी हँडब्रेक वर ओढला. गियरची मूठ फिरवून काढली. तिच्याभोवतीचा चामड्याचा घोळ लाकडी उलथन्याच्या दांड्याने अलगद उचकटला. धातूचं हत्यार लावलं तर प्लास्टिकवर ओरखडा येतो, हे सांगायला त्यांना कुणाची गरज नव्हती. ट्रेमधला रबरी तुकडा उचलला. खाली दोन स्क्रू, दोन्हींवर ठिपका. सीट मागे सरकवली, पुढचे दोन, ठिपका. सीट पुढे सरकवली, मागचे चार, ठिपका. आठच्या आठ. आणि आठांच्याही फुल्या तिरक्या.

हे मात्र ठिपक्यांपेक्षा वाईट होतं. ठिपके त्यांचे होते, आवळलेला हात त्यांचा नव्हता. घरात शिरावं आणि आपल्याच चपला आपण काढतो तिथेच, पण उलट्या तोंडाने ठेवलेल्या दिसाव्यात, तसं त्यांना वाटलं.

क्लिपा सोडवताना चौथी तुटकी निघाली. तिच्या जागी कुणीतरी जुन्या स्लीपरच्या पट्ट्याचा तुकडा कापून कोंबला होता. मास्तर असते तर त्यांनी नेमकं हेच केलं असतं. गाडीच्या काचा उघड्या होत्या, बाहेर लख्ख ऊन होतं, रस्त्यावरून भंगारवाला ओरडत चालला होता. तरीही त्यांना आत कुणीतरी बसल्यासारखं वाटलं, शेजारच्या सीटवर, अगदी त्यांच्याच अंगलटीचं. ते तिकडे बघेनात.

वायरचा जोड सोडवून, मागची बाजू आधी वर घेऊन, त्यांनी कन्सोल हँडब्रेकवरून बाहेर काढला. खाली उघडा पत्रा, धूळ, चुकार वायरी. आणि पत्र्याला काळ्या टेपने चिकटवलेली एक प्लास्टिकची पिशवी. टेपचं टोक दुमडलेलं होतं, पुढच्याला नखाने शोधावं लागू नये म्हणून.

आत चिठ्ठ्या होत्या. नऊ. अक्षर त्यांचं. सही त्यांची.

पहिली फेब्रुवारीतली. 'कन्सोल काढला. स्क्रू आठ, क्लिपा चार, एक मोडली, रबर लावलं. मापं घेतली.' दुसरी दहा दिवसांनंतरची. 'कन्सोल आधी कुणीतरी उघडलेला. चिठ्ठी सापडली. अक्षर माझ्यासारखं. चौकशी करणे.' तिसरीत खोका हँडब्रेकला घासत होता. चौथीत, 'उजवीकडे लाकूड दोन सूत तासणे.' पाचवीत पुन्हा, 'उजवीकडे लाकूड दोन सूत तासणे,' आणि खाली रागाने, 'तासलं होतं तरी!' सहावीत फक्त मापं.

सातवीचं अक्षर मोठं, आनंदी. 'खोका बसला. इकडचा तिकडे हलत नाही. काम पूर्ण. आता हिला समुद्रावर नेतो.'

मास्तरांनी मांडीशेजारी काढून ठेवलेल्या प्लास्टिकच्या कन्सोलकडे पाहिलं. काम पूर्ण झालं होतं, तर हे धूड परत इथे कसं आलं?

आठवी. 'खोका नाही. जुना कन्सोल जागेवर. फुल्या तिरक्या. मी नव्हे. मग कोण?'

नववी चिठ्ठी यंत्राबद्दल नव्हतीच.

'घाबरू नकोस. हे तूच लिहितो आहेस. तुला आठवणार नाही, मलाही आठवलं नव्हतं. शेजारच्या सीटवर कुणी नाही. आता मागे बघ. ती दारात उभी असेल, हातात पाण्याचा ग्लास. विचारलंस तर ती खरं सांगेल. मी विचारलं. उत्तर इथे लिहीत नाही.'

मास्तरांनी शेजारच्या सीटकडे पाहिलं. कुणी नव्हतं. मग सावकाश मान वळवली.

बायको दारात उभी होती. हातात पाण्याचा ग्लास.

"झालं वाचून?" तिने विचारलं. जसं रोज पेपरबद्दल विचारायची तसंच.

ती पायऱ्या उतरून आली आणि गाडीच्या उघड्या दारापाशी, उंबऱ्यावर बसावं तशी टेकली. ग्लास त्यांच्या हातात दिला. मास्तर पाणी प्यायले नाहीत, ग्लास नुसता धरून ठेवला.

"ही कितवी खेप?"

"चिठ्ठ्या किती आहेत?"

"नऊ."

"मग चौदावी-पंधरावी. हल्ली तुम्ही निम्म्यावरच विसरून घरात येता. चिठ्ठी राहते, स्क्रू राहतात. मग मीच लावते." तिने उजवा तळहात पुढे केला. मध्यावर गोल घट्टा पडला होता, पेचकसाची मूठ दाबून पडतो तसा. "आठ स्क्रू, चार क्लिपा. मागची बाजू शेवटी. पाठ झालंय मला. उद्या कुठे नोकरी देत असतील तर सांगा."

"फुल्या तिरक्या ठेवतेस."

"घ्या! एवढं करून वर नावं ठेवा."

मास्तर हसणार होते, पण हसू अर्ध्यावरच अडकलं, दोन मजल्यांच्या मधे. "खोका कुठे आहे?"

"स्वयंपाकघरात. बटाटे ठेवलेत त्यात. सकाळी तुम्हीच म्हणालात की, सुतार बरा आहे, पण गाढवाने खालून अर्धगोल कशाला कापलाय?"

तो अर्धगोल गियरखालच्या फुगीर पत्र्यावर बसण्यासाठी होता. मास्तरांना तो कापल्याचं आठवत नव्हतं, पण कशासाठी कापला असेल ते हाताला लगेच कळलं. हात सगळं जाणत होते. फक्त वरच्या मजल्यावर कुणी दार उघडत नव्हतं.

"बसला होता ना तो? मग काढलास का?"

ती पदराने सीटच्या कडेवरची धूळ पुसत राहिली.

"आपण निघालो होतो समुद्राला," ती म्हणाली. "खोक्यात माझा चष्मा, गोळ्या, बाटली, सगळं. तुम्ही इतके खुशीत, की चक्क गात होतात. वेशीबाहेरच्या पंपावर थांबलो. मी म्हटलं, आलेच जाऊन. बाहेर येते तो गाडी नाही."

"मी..."

"म्हटलं, वळवून आणत असाल. थांबले. मग चालत निघाले. चष्मा गाडीत, त्यामुळे बसचे नंबर दिसेनात. घरी पोचायला दुपार झाली. गाडी इथेच उभी होती, नीट, सावलीत. तुम्ही दार उघडलंत." तिने पदर सोडला. "आणि मला म्हणालात, कोण हवंय?"

भिंतीपलीकडे शिंप्यांचं मशीन चालू होतं. तेही थांबलं. मग उगाच जास्त जोरात सुरू झालं.

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार! म्हटलं, पाणी मिळेल का थोडं. तुम्ही आणून दिलंत. बसा म्हणालात, मंडळी येईलच इतक्यात. छान बोललात हो, परक्या बाईशी. माझ्याशी कधी इतकं नीट बोलला नाहीत." तिने त्यांच्या हातातल्या ग्लासला बोट लावलं. "प्या ना ते. मग त्या रात्री मी खोका काढला. बॅटरीची वायरही सोडली. मनात आलं, खोका नसला की काम राहिलेलं असेल, आणि काम राहिलं असेल तोवर तुम्ही गाडी बाहेर काढणार नाही. अर्धं काम टाकून तुम्ही गावाला गेला आहात कधी?"

हे खरं होतं. एक्केचाळीस वर्षं तिने या सवयीला नावं ठेवली होती आणि शेवटी तिचाच आडोसा केला होता.

मास्तर पाणी प्यायले, शेवटच्या थेंबापर्यंत. मग खिशातून चिठ्ठ्यांची वही आणि पेन्सिल काढली. तारीख विचारली. तिने सांगितली. कन्सोलच्या पालथ्या पाठीवर वही ठेवली. पेन्सिलचं टोक दोनदा कागदाला लागलं आणि उठलं. बायको पायातल्या चपलेकडे बघत होती.

मग त्यांनी लिहिलं. 'कन्सोल काढून पाहिला. इथे लाकडी खोका बसत नाही. सर्व मापं तपासली. प्रयत्न करू नये. गाडीही लांबच्या प्रवासाला योग्य नाही.' खाली सही केली. सही पहिल्यासारखीच आली, अक्षर न थरथरता.

बायकोने चष्मा नाकावर सरकवून वाचलं. "अहो," ती म्हणाली, "हे खोटं आहे."

"हो."

नऊच्या नऊ चिठ्ठ्या गोळा करून त्यांनी तिच्या हातावर ठेवल्या. "या तू ठेव. पुढचा येईल त्याला एवढी एक पुरे. तो माझं ऐकतो." नवी चिठ्ठी पिशवीत घातली, पिशवी पत्र्याला चिकटवली, टेपचं टोक दुमडलं.

कन्सोल दोघांनी मिळून जागेवर बसवला. ते सांगत नव्हते तरी ती बरोबर क्रमाने स्क्रू देत होती. सात स्क्रू मास्तरांनी आवळले आणि सातांच्या फुल्या उभ्या केल्या. आठवा हातात धरून त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि पेचकस तिच्यापुढे केला.

तिने दोन्ही हातांनी दाबून तो आवळला, जीभ दातांत धरून. फुली तिरकी राहिली. मास्तरांचा हात सवयीने पुढे गेला, जरासा पीळ दिला असता की झालं असतं.

त्यांनी हात मागे घेतला. काडीचं टोक रंगात बुडवलं, आणि त्या तिरक्या फुलीवरच, किंचित डावीकडे, जुन्या ठिपक्यावर नवा पिवळा ठिपका टेकवला.