पिस्तुलाच्या पेटीतलं आंबवण

सामानात बंदूक असली की सामान हरवत नाही. हे मला अलास्कातल्या आमच्या पीटर्सबर्ग गावच्या शिकाऱ्यांनी शिकवलं. तुमचे कपडे, औषधं, नवीकोरी बॅग सिएटलहून भलत्याच गावाला गेली तर कुणी हूं की चूं करत नाही. पण काउंटरवर तुम्ही सांगितलंत की पेटीत बंदूक आहे, की सगळे ताठ होतात. पेटी टणक हवी, कुलूप पक्कं हवं, बंदूक रिकामी हवी आणि किल्ली फक्त मालकाच्या खिशात हवी. मग ती पेटी जपून नेतात आणि उतरल्यावर ओळखपत्र बघून तुमच्याच हातात देतात. अलास्कात निम्मं गाव असंच प्रवास करतं.

माझ्याकडे शिकारीची बंदूक नाही. मी शाळेत मुलींना धावायला शिकवायची. शर्यत सुरू करायचं माझं पिस्तूल अजून माझ्याकडे आहे. त्यातून गोळी सुटत नाही, नुसता आवाज निघतो, पण विमानवाल्यांच्या नियमात तेही शस्त्रच. मला तेवढं पुरे होतं, कारण मला पिस्तूल न्यायचंच नव्हतं. मला आईचं आंबवण न्यायचं होतं.

हे आंबवण आजीकडून आईकडे आलं आणि आईकडून माझ्याकडे. थोडं पीठ काढायचं, पॅनकेक करायचे, उरलेल्याला नवं पीठ-पाणी द्यायचं, की ते जिवंत राहतं. माझी धाकटी बहीण आर्डिस लग्न करून ॲरिझोनात गेली, तिचा वाटा तिथल्या उन्हात केव्हाच मेला. दोन वर्षांपूर्वी मी तिच्यासाठी बरणी साध्या बॅगेत घातली, तर बॅग हरवली. तीन आठवड्यांनी मिळाली तेव्हा आत काळी बुरशी होती. हातातल्या पिशवीतून न्यावं तर तपासणीवाले पातळ पदार्थ म्हणून काढून घेतात. आर्डिसने तेव्हा फोनवर एवढंच म्हटलं, "तुला द्यायचंच नव्हतं, मारिट. आईची लाडकी तूच ना." मी फोन आपटला. मला राग लवकर येतो आणि जायला वेळ लागतो.

या उन्हाळ्यात तिला कॅन्सर निघाला. औषधांनी तिच्या तोंडाची चवच गेली. तिचा नवरा जीन म्हणाला की ती काही खात नाही, सगळं लोखंडासारखं लागतं म्हणते, आणि डॉक्टरांनी बजावलंय की वजन असंच उतरत राहिलं तर पुढची औषधं देता येणार नाहीत. मग तिने स्वतः फोन घेतला आणि म्हणाली, "आईचे पॅनकेक खाईन. दुसरं काही नको." मी त्याच दिवशी तिकीट काढलं.

सप्टेंबर म्हणजे आमच्याकडे मूसच्या, म्हणजे घोड्याएवढ्या हरणाच्या शिकारीचे दिवस. विमानतळावरच्या रांगेत सगळ्यांच्या लांबलचक पेट्या, आणि माझी ही डब्याएवढी. काउंटरवर लोर्ना होती. ती माझ्याच हाताखाली चारशे मीटर धावायची आणि शेवटच्या वळणावर नेहमी दम सोडायची. मी शस्त्र असल्याचं सांगितलं तशी तिने पेटी उघडायला लावली. आत फोमच्या गादीवर पिस्तूल आणि त्याच्या शेजारी शेंगदाणा बटरच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बरणीत बुडबुडे येणारं पीठ.

"कोच, ॲरिझोनात कुणाची शर्यत लावताय?" ती म्हणाली.

"माझी आणि तुमच्या सामानखात्याची. या वेळी मी जिंकणार."

मागचे शिकारी खो खो हसले. लोर्नाने पिस्तूल रिकामं असल्याचं बघितलं, शस्त्राची चिठ्ठी आत ठेवली आणि नियमात नसलेला प्रश्न विचारला: झाकण घट्ट आहे ना? मी तिच्यासमोर ते आणखी आवळलं. मागच्या एकाने सल्ला दिला की विमानाच्या पोटात गारठा असतो, पीठ गोठलं तर मरेल. त्याने आपल्या पिशवीतून जाड लोकरी मोजा काढून दिला. मोजा बरणीवर चढवला, तेव्हा सगळ्यांनी समाधानाने माना हलवल्या. अलास्कात जन्म काढलेल्या माणसांना एकच भीती माहीत असते, गोठण्याची. दुसरं काही होऊ शकतं हे तिथे कुणाच्याच डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही.

सिएटलला विमान बदललं तेव्हाही मी निर्धास्त होते. खिडकीशी बसून किल्ली चाचपत होते आणि आर्डिसला काय काय सुनवायचं ते मनात जुळवत होते.

ॲरिझोनात फीनिक्सला उतरले तर पायलटने बाहेरचं तापमान बेचाळीस सांगितलं. सामानाच्या खोलीत आर्डिस चाकांच्या खुर्चीत होती, मागे जीन उभा. तिला बघून मी जुळवलेलं सगळं विसरले. मनगटं काडीसारखी झाली होती.

तेवढ्यात सामानखात्याची बाई माझी पेटी दोन्ही हातांनी अंगापासून लांब धरून आली. पेटीच्या कडेतून पांढरा फेस गळत होता.

"मॅडम, तुमचं शस्त्र उतू जातंय," ती म्हणाली. "किल्ली तुमच्याकडेच असणार. तुम्हीच उघडा."

एवढी हुशारी केली आणि शेवटी दुसऱ्यांदा तेच. मी तिला ओळखपत्र दाखवलं आणि टेबलावर कुलूप काढलं. धावपट्टीवरच्या उन्हात, लोकरी मोज्याच्या उबेत पीठ असं काही फुगलं होतं की आवळलेलं झाकण उडून मोज्यात अडकलं होतं. पिस्तूल पिठात बुडालं होतं. मोज्याची लोकर दिसत नव्हती. बाईने नाक मुरडलं, कारण आंबट वास खोलीभर सुटला होता.

आर्डिसने खुर्ची पुढे ढकलायला लावली. तिने पेटीकडे बघितलं नाही, मोज्यातून बरणी उपसून काढली. बरणी अर्धी भरलेली होती आणि आतलं पीठ अजून हळूहळू वर चढत होतं.

"मेलं का?" जीनने विचारलं.

"मेलेलं असं पळून जातं का?" मी म्हणाले.

आर्डिसने बरणीत बोट घातलं आणि चाटलं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. तिने पुन्हा बोट घातलं.

"आंबट लागतंय," ती म्हणाली. "मारिट, मला आंबट लागतंय."

शेवटच्या वळणावर रडायचं नाही, असं मी मुलींना जन्मभर सांगत आले. मी तिथेच, त्या बाईच्या टेबलाला धरून रडले.

"रडतेस काय," आर्डिस म्हणाली. बरणी तिने दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. "ते पिस्तूल पूस आणि चल. मला भूक लागलीय."