चोरलेला पान्हा

मित्रांनो, मी म्हैस. नाव हौशी. वय झालंय आणि स्वभाव जळका आहे, आधीच सांगून टाकते.

जन्म माझा कळंब्याच्या गोठ्यातला. पहिल्या वेतापासून कासेला हात लागला तो एकट्या आकारामचा, माझ्या धन्याचा. रोज संध्याकाळी तो मला शहरातल्या दूध कट्ट्यावर न्यायचा आणि गिऱ्हाइकाच्या पेल्यात थेट धार काढायचा. "म्हस हाय का झरा!" लोक म्हणायचे. मग कागलच्या रस्त्याला त्याची मोटारसायकल घसरली. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. मेंदूला मार बसला. दवाखान्यातून आला तो उजवा हात लुळा आणि तोंडात शब्द नाही, असा.

डॉक्टरांनी बजावलं होतं, त्याचं त्याला करू द्या. पण त्याची आई बयाबाई चमच्यानं भरवायची. त्याला कुणी काही विचारलं की उत्तर हीच द्यायची. म्हणे, "माझ्या लेकराला तरास नगं." सहा महिने गेले, हात तसूभर हलला नाही. याला माया म्हणायचं? जित्या माणसाचा दगड करायचा धंदा आहे हा!

धार काढायला आता त्याची बायको संयोगिता बसायची. दिवसभर ती त्याच्याजवळ, त्याच्या अंगाचा वास तिच्या पदराला. माझं पित्त खवळलं. बादली लाथाडली. आठ दिवस पान्हा चोरला, सडातून थेंब सोडला नाही.

नवव्या दिवशी ती त्यालाच धरून गोठ्यात घेऊन आली.

"अगं, पडंल त्यो!" बयाबाई ओरडली.

"पडू दे, आत्या. उठंल की परत."

तिनं त्याचा उजवा हात माझ्या सडावर ठेवला. बोटं वळेनात. नख रुतलं. मी हललेसुद्धा नाही. तिनं त्याची बोटं आपल्या मुठीत धरून दाबली, तशी पहिली धार गेली ती त्याच्याच विजारीवर.

"आता ही धुवायची बी तुम्हीच," संयोगिता हसली.

रोज हेच चाललं. बयाबाई स्वतःचे हात मांडीखाली दाबून बघत बसायची. दोन महिन्यांनी बोटं वळली आणि एका संध्याकाळी पेला भरला. त्याचे ओठ हलले. मी कान टवकारले. आठ वेतं दूध दिलंय, नाव माझंच येणार!

त्यानं पेला पुढं केला. "सं... संयोगिता. पी."

जळाले, मित्रांनो. अजून जळते.

पण तुमच्या घरात असं कुणी असेल, तर त्याला त्याच्या हातानं खाऊ द्या. सांडू द्या. उत्तराला वेळ लागला तर गप्प बसा. तो बोलेल. नाव कुणाचं घेईल, ते मात्र आपल्या हातात नसतं.