छताखालची झालर

"काही हलवू नका," असं विम्यासाठी नुकसान तपासणाऱ्या इरावतीनं फोनवर स्पष्ट सांगितलं होतं. पडलेलं प्लास्टर, फुटलेल्या बरण्या, भिजलेली मिरची, सगळं जिथल्या तिथे राहू द्या, मी परवा येऊन स्कॅन करते. या बोलण्यात गैरसमजाला कुठं जागा असेल, असं तिला वाटलं नव्हतं.

आणि आता पाठीवर स्कॅनरची पेटी घेऊन ती लालबागच्या 'घाडी मसाले'च्या दारात उभी होती, आणि उंबऱ्यापुढची ताजी रांगोळी ओलांडायची कशी, ते तिला कळत नव्हतं.

दुकान लख्ख होतं. लाद्या पुसलेल्या, मसाला कांडायच्या डंकन मशीनला झेंडूचा हार, फळीवर नव्याकोऱ्या बरण्यांची ओळ. वरच्या मजल्यावरची पाण्याची टाकी फुटून ज्या छताचं प्लास्टर खाली आलं होतं, ते छत तर दिसतच नव्हतं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मांडवाचं गुलाबी सॅटिनचं कापड चुण्या घालून ताणलं होतं आणि चारी बाजूंनी सोनेरी झालर सोडली होती.

"ये बाय, ये," दुकानाच्या मालकीणबाई रखमाकाकी म्हणाल्या. ठेवणीतली साडी, नाकात नथ. "आधी चहा घे."

"काकी, छत कुठंय?"

"वर."

कोपऱ्यातल्या स्टुलावरून काकींचे यजमान शिवाकाका घाईनं म्हणाले, "मी हिला सांगितलेलं हां. तुम्ही बोललात तसंच्या तसं. काही हलवू नका."

"सांगितलं, मी कुठं नाही म्हणते?" काकी म्हणाल्या. "पण येणारं माणूस असंच म्हणतं ना. माझ्यासाठी काही करू नका, चहासुद्धा नको. म्हणून आपण करत नाही काय? तुमची बहीण म्हणाली जेवणार नाही, आणि बांगडे कोणी संपवले?"

इरावतीला हे नवीन नव्हतं. गिरगावात तिच्या घरी प्लंबर येणार असला की आई आधी मोरी घासून घ्यायची.

"आणि तूच म्हणालीस," काकी पुढं म्हणाल्या, "मशीन गोल फिरतं, कोपरान् कोपरा टिपतं. मग कोपरे घाण ठेवू?"

"पडलेलं प्लास्टर कुठं आहे?"

"पालिकेच्या गाडीत गेलं."

"भिजलेली मिरची?"

"तीपण."

इरावतीनं ऑफिसात फोन लावला. तिचे वरिष्ठ सर्व्हेअर हितेंद्र सर यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. "नुकसान दिसलं नाही तर भरपाई नाही, इरावती. लिहिणार काय? झालर एका बाजूनं सैल?"

मसाल्याचा हंगाम तोंडावर होता. भरून ठेवलेली मिरची भिजून गेली होती, आणि नवी भरायची ती विम्याच्या पैशातूनच. ते आले नाहीत तर उन्हाळाभर डंकन बंद. शिवाकाकांना हे ठाऊक होतं, म्हणूनच ते स्टुलावरून उठत नव्हते. काकींनाही ठाऊक होतं, पण त्यांच्या मते आवरलेल्या दुकानाला कुठलाही शहाणा माणूस नाही म्हणणार नाही.

"कापड तरी काढू या," इरावती म्हणाली.

"ते मंडळाचं आहे. विनीतला विचारायला हवं."

गणेशोत्सव मंडळाच्या मांडवाचं सगळं काम विनीत बघायचा. शिडी घेऊन तो आला आणि झालर उतरवता उतरवता दुःखी झाला. "मॅडम, चुण्या बघा ना. एकसारख्या आहेत."

कापडामागून छत निघालं. मोठं भगदाड, आत गंजलेल्या सळ्या. इरावतीला बरं वाटलं, पण अर्धंच. छत फुटलंय हे आता सिद्ध होत होतं, पण त्यानं खालचं काय काय नेलं, ते सिद्ध होत नव्हतं. तिनं सगळ्यांना बाहेर काढलं, तिपाईवर स्कॅनर चढवला आणि फिरवला. भिंती, फळ्या, मशीन, सगळं लाखो ठिपक्यांनी लॅपटॉपवर उमटलं. सुबक, नेटकं आणि निरुपयोगी.

विनीत तिच्या खांद्यावरून बघत होता. "असा एक माझ्याकडे पण आहे."

"असा काय?"

"म्हणजे एवढा भारी नाही, मोबाइलवरचा. कापडाचं माप हवं होतं आणि खाली एवढा ढिगारा, टेप धरायला पाय कुठं ठेवणार? मग काकींनी ढिगारा उचलायच्या आधीच सगळं दुकान फोननं स्कॅन केलं. मांडवाचं माप आम्ही असंच घेतो."

इरावतीनं फोन जवळजवळ हिसकावूनच घेतला. सगळं होतं. प्लास्टरचा ढीग, आडवी झालेली फळी, काचा, पाण्यात लाल चिखल झालेली पोती. आणि तीन रखमाकाकी. एक झाडू घेऊन ढिगाऱ्यावर, एक वर बोट दाखवणारी, आणि एक पोत्यातून अर्धीच उगवलेली.

"स्कॅन चालू असताना तुम्ही फिरत होता," ती म्हणाली.

"मग काय, हा एकटा करणार होता?"

नुसत्या फोनवर हितेंद्र सरांचा विश्वास बसणार नव्हता. इरावतीनं जे हललं नव्हतं ते शोधलं: दाराची चौकट, खांब, डंकन. त्यांच्यावरून दोन्ही स्कॅन एकमेकांवर बसवले. चौकटीवर चौकट चपखल बसली, आणि तेव्हा होतं पण आता नाही, ते सगळं पडद्यावर लाल झालं. ढिगाऱ्याचं आकारमान आपसूक मिळालं, पोत्यांचंही. तिला टाळी वाजवावीशी वाटली.

काकींनी पडद्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "ह्यां पाठवूचा नाय."

"काकी, यावरच तर भरपाई मिळणार."

"माका लाज वाटता. पदर खोचलेलो, केस इस्कटलेले, आणि दुकानात ह्यो उकिरडो. सासूनं हातात दिलेलं दुकान आहे हे. साहेब लोक बघणार ते असं?" मग जरा खालच्या आवाजात, "मला तेवढी पुसून टाक ना."

"नाही हो. एक ठिपका पुसला तरी ते म्हणतील, बाकीचेपण हिनंच मांडले."

"मिरची भरायची की नाही यंदा?" शिवाकाकांनी स्टुलावरून विचारलं.

"भरायची. पण मान राखून."

इरावतीनं थोडा विचार केला. "काकी, एकटं ते जाणारच नाही. आजचं स्कॅन जोडीला हवं. त्याशिवाय फरक दाखवणार कसा?"

"म्हणजे आवरलेलं पण दिसणार?"

"दिसायलाच हवं."

"झालरीसकट?"

शास्त्राच्या दृष्टीनं झालरीची काहीही गरज नव्हती. "झालरीसकट," इरावती म्हणाली.

विनीत उड्या मारत शिडीवर चढला. पुन्हा कापड, पुन्हा चुण्या. या वेळी काकी बाहेर गेल्याच नाहीत. नथ नीट करून त्या डंकनशेजारी उभ्या राहिल्या आणि मशीन पूर्ण फिरेपर्यंत पापणीही हलली नाही. स्कॅनमध्ये त्या डंकनपेक्षाही रेखीव आल्या.

चार दिवसांनी हितेंद्र सरांचा फोन आला. "रिपोर्ट चांगला आहे. मी मंजुरीला पाठवतोय. फक्त त्या तीन बायका कोण? मजूर लावले होते का?"

"नाही सर. विमा त्यांच्याच नावावर आहे."

"तिघींच्या?"

"त्या एकच आहेत, सर. शेवटच्या स्कॅनमधल्या नथवाल्यासुद्धा."

पलीकडे रिपोर्टची पानं पुन्हा उलटल्याचा आवाज आला. "ठीक आहे. सही करायच्या आधी उद्या दुपारी मी स्वतः एक चक्कर टाकतो. त्यांना फोन करून सांग, मी फक्त नजर टाकून जाईन. म्हणावं, माझ्यासाठी काही करू नका."

"सांगते," इरावती म्हणाली. "पण सर, उद्या घरून जेवून निघू नका."