दारावरचं हिरवं कार्ड

अमेरिकेत, अल्फारेटातल्या आमच्या वृद्धांच्या वसाहतीत एक नियम होता. सकाळी नऊच्या आत दाराच्या मुठीला हिरवं कार्ड अडकवायचं. कार्ड दिसलं, की आतलं माणूस ठीक आहे. नाही दिसलं, की ऑफिसातून कोणीतरी येऊन बघून जातं. मी पाचला उठते. उठल्याबरोबर कार्ड लावून मोकळी व्हायचे.

२००३च्या मार्चातल्या त्या सकाळीही तसंच केलं. मग अंघोळीला गेले आणि टबातून बाहेर पाऊल टाकताना घसरले.

उजवा पाय हलेना. भिंतीवर मदतीसाठी ओढायची लाल दोरी असते, फरशीपर्यंत लोंबणारी. फरशी पुसताना ती भिजायची, म्हणून मी ती वर टॉवेलच्या दांडीला गुंडाळली होती. गाठ मारून.

हाका मारल्या. तासाभरात घसा बसला. पायपुसणं ओढून अंगावर घेतलं. मुलाचा, विनयचा फोन संध्याकाळी येई. तोवर मी टिकेन असं वाटेना. आणि बाहेर कार्ड सगळ्यांना सांगत होतं, कुमुद ठीक आहे.

साताऱ्याला आत्या मोरीत पडली, तेव्हा एका किंकाळीसरशी नऊ माणसं धावली होती. एक काका तर अर्धी दाढी झालेले. मला हसू आलं, आणि पायातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे अंधारी आली.

समोर प्रल्हादराव राहायचे. इमारतीत मराठी आम्ही दोघंच. न्यूयॉर्कचे ते टॉवर पडल्यापासून त्यांनी पलंगाखाली पाण्याचे कॅन भरून ठेवले होते, खिडक्यांना चिकटपट्ट्या लावल्या होत्या. माझ्या चपला दाराबाहेर असत, त्यावरून रोज वाद.

"कुमुदताई, आग लागली तर लोक या चपलांना अडखळून मरतील."

"तुम्ही त्याआधी भीतीनंच जाल," मी म्हणायचे.

दहा वाजून गेले असतील. दार वाजलं. न्हाणीघर दाराला लागूनच, त्यामुळे बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

"कुमुदताई! फिरायला गेलात काय?" मग स्वतःशीच, "चपला तर इथंच आहेत."

मी तोंड उघडलं. नुसती हवा निघाली. साबणाची डबी दारावर फेकली. ती टबात पडली. पावलं लांब गेली.

इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

किल्लीचा आवाज आला तेव्हा आधी खरंच वाटेना. ऑफिसातली बाई आत धावली. प्रल्हादराव पाठ करून उभे, हातातली शाल मागच्या मागे पुढे करत.

पाच आठवड्यांनी इस्पितळातून वॉकर घेऊन परतले. विनय मला अर्विंगला, त्याच्या घरी न्यायला टपून बसला होता; त्याच्याकडून महिनाभराची मुदत मागून घेतली. आधी दोरीची गाठ सोडली. मग मोठ्या शहाणपणानं चपला आत घेऊ लागले, तेवढ्यात समोरचं दार उघडलं.

"आत का घेताय?"

"आगीत लोक मरतील ना."

"मरू देत," प्रल्हादराव म्हणाले. "बाहेर ठेवा त्या."